दुसरा-चौथा शनिवार, अप्पा आणि त्यांचा उजवा डोळा

आठवीत एलिमेंटरीच्या परीक्षेत मला सी ग्रेड मिळाली होती. वस्तुचित्राला तांब्या, पुस्तक आणि दोन लिंबं ठेवलेली आणि माझा तांब्या एका बाजूला असा कलला की ड्रॉइंगचे सर म्हणाले, यात पाणी भरलं तर सांडेल गं. तेव्हापासून चित्र हा विषय माझ्यासाठी बंद. बँकेत आहे, सतरा वर्षं फोर्टात नोकरी करतेय, फाउंटनपासून काळा घोडा चालत सात-आठ मिनिटांवर, आणि इतक्या वर्षांत जहांगीर आर्ट गॅलरीच्या आत मी एकूण दोनदा गेलेली, एकदा पाऊस कोसळत होता म्हणून आणि एकदा मैत्रिणीची वाट बघायला सावली हवी होती म्हणून. चित्रं आजूबाजूला होती असं आठवतं.

मग गेल्या सप्टेंबरात सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अप्पा बोर्ड पेंटर. परळ-लालबागमध्ये चाळीसेक वर्षं दुकानांचे बोर्ड, गाड्यांच्या नंबर प्लेटा, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीच्या भिंती, गणपतीत मंडळाचे पडदे असं सगळं केलं, फ्लेक्स आल्यावर काम आटलं आणि आम्ही डोंबिवलीला आल्यावर बंदच. आता चौऱ्याहत्तर वय. तर पट्टी काढल्यावर हा माणूस घरी आला आणि हॉलमध्ये उभा राहून म्हणाला, ही भिंत क्रीम सांगून पांढरी मारली तुम्हाला, पैसे परत मागा. भिंत चार वर्षांपूर्वीची. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, ते काढलं की निळं एकदम उजळ दिसायला लागतं, दुसरा डोळा व्हायचाय तोवर फरक जाणवणारच. झालं. अप्पांना खेळच मिळाला, एक डोळा झाकून बघायचं, मग दुसरा झाकून बघायचं. उजव्याने शेजारच्या काकूंची साडी निळी, डाव्याने हिरवट. काकूंना काय वाटलं असेल देव जाणे.

नवरा म्हणाला यांना कुठेतरी घेऊन जा, घरातले सगळे रंग तपासून झालेत. माझे दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचे. म्हटलं चला, जहांगीर फुकट आहे, जाऊन येऊ. एवढाच प्लॅन होता. तो सहा महिने चालला.

पहिल्या दिवशी मी दारात जरा थबकले, खरं सांगते. काच ढकलून आत जायचं तर कोणीतरी विचारेल, काय काम आहे, असं उगाच वाटतं. कोणी विचारत नाही. जहांगीर १९५२ पासून उघडी आहे, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून झालेली, आणि तिथे तिकीट नाही, नाव लिहा वगैरेही सक्ती नाही. आत दोन-तीन हॉल, प्रत्येकात वेगळं प्रदर्शन, आणि ते मंगळवारी लागतं आणि सोमवारी उतरतं, म्हणजे दर आठवड्याला नवीन माल. (हे कळायच्या आधी एकदा मी ऑफिस सुटल्यावर सोमवारी संध्याकाळी गेले, तर निम्मी चित्रं बबल रॅपमध्ये आणि चित्रकार स्वतः सेलोटेप दातांनी तोडत होता.) हॉल मिळायला चित्रकारांना वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागतं, त्यामुळे ज्याचं प्रदर्शन असतं तो बिचारा बहुतेक वेळा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो आणि तुम्ही एखाद्या चित्रापुढे अर्धा मिनिट जास्त थांबलात की उठून येतो.

अप्पा तर थेट नाक लावून बघतात. मी समोरून बघत होते, जे काय दिसतंय ते, आणि हे बाजूने, कडेने, कॅनव्हास जिथे फ्रेमवर वळतो तिथे. एका निसर्गचित्रापुढे चित्रकार आला तर अप्पांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, आकाश एका दिवसात संपवलंत ना? तो चाट पडला. हो म्हणाला, ओलं असतानाच करावं लागलं. मग दोघं पंधरा मिनिटं टर्पेंटाइन आणि जवस तेल यावर बोलत बसले आणि मी सी ग्रेडवाली बाजूला पर्स धरून उभी. पण ऐकत होते. घरी येताना ट्रेनमध्ये विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे, अगं जोड दिसत नाही कुठे. थांबून केलं की जोड दिसतो. भिंत रंगवताना जेवायला गेलो तरी दिसतो.

हे माझं पहिलं लेसन म्हणा. म्हणजे मी इतकी वर्षं चित्राचा अर्थ शोधायला जायचा असतो असं समजत होते आणि अर्थ सापडत नाही म्हणून लाजत होते, आणि हा माणूस अर्थाच्या वाटेलाच जात नव्हता, तो हाताने काय केलंय ते बघत होता.

पुढच्या वेळी समोरच म्युझियम. प्रिन्स ऑफ वेल्सचं नाव १९९८ मध्ये बदलून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झालं तरी अप्पांसाठी ते नुसतं म्युझियम. शाळेच्या ट्रिपला आपण सगळेच गेलोय, रांगेत, डबा खाऊन, काही न बघता. आता गेलात तर एक सल्ला ऐका, सगळं बघायचं नाही. आम्ही पहिल्यांदा सगळं बघायला गेलो आणि दोन तासांनी अप्पा एका खांबाला टेकून म्हणाले, मला आता देव पण दगडच दिसतायत. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फक्त लघुचित्रं आणि वरच्या मजल्यावरचं जहांगीर निकल्सन यांचं कलेक्शन, बस. लघुचित्रांसमोर अप्पा शांत. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश, त्याने एकेक पान, एकेक पापणी. म्हणाले, मी पण खारीचा ब्रश वापरलाय, बोर्डाच्या बारीक अक्षरांना, पण हे म्हणजे श्वास रोखून केलंय. आणि मग एक डोळा झाकला, दुसरा झाकला. मागे एक कॉलेजची मुलगी उभी होती, तिनेही नकळत एक डोळा झाकला.

निकल्सन हे कापसाचे व्यापारी, १९६८ च्या सुमाराला त्यांनी चित्रं घ्यायला सुरुवात केली आणि घेतच गेले, आठशेच्या आसपास कामं जमवली, २०११ पासून ती या म्युझियममध्ये आलटून पालटून लावतात. तिथे एक गायतोंडे होता. म्हणजे वासुदेव गायतोंडे, गिरगावच्या चाळीत वाढलेला, जेजे कला महाविद्यालयात शिकलेला, ज्याची चित्रं आता कोटींमध्ये जातात. पिवळ्या-मातकट रंगाचा एक मोठा कॅनव्हास, त्यात काहीतरी तरंगतंय, काय ते विचारू नका. मी मनात म्हटलं झालं, इथे आपली विकेट. माझ्या डोक्यात बँकेतले सहकारी बोलायला लागले, हे तर माझा मुलगा पण काढेल.

अप्पा जवळ गेले. गार्डने जरा मागे राहा सांगितलं. मागे आले. परत कडेने बघितलं. मग जवळजवळ ओरडलेच, रोलर! रोलर मारलाय यांनी! हॉलमधले तीन-चार लोक वळले. आणि खरंच आहे ते, मी नंतर वाचलं, गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे, आणि ओल्या रंगावर कागदाचे तुकडे दाबून रंग उचलायचे, थरावर थर, त्यामुळे वर्षाला पाच-सहाच चित्रं व्हायची. अप्पांना वाचायची गरज पडली नाही. त्यांनी हवेत हात फिरवून दाखवलं, इथून रोलर कोरडा होत आलाय बघ, दाणे दिसतायत, आणि इथे परत भरलाय. मला दिसलं. खरोखर दिसलं, आधी जिथे नुसतं धुकं होतं तिथे एक हात वरून खाली आलेला दिसायला लागला. आम्ही त्या एका चित्रापुढे पाऊण तास होतो. बाकावर बसून. अप्पा कुठल्याही जागेला मार्क देताना बसायला आहे का हे आधी बघतात, चित्रं नंतर.

त्या दिवशी डाव्या डोळ्याने त्यांना ते चित्र जास्त आवडलं, म्हणाले उजव्याने जरा थंड वाटतंय. हे लक्षात ठेवा, पुढे येईल.

नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट रस्त्याच्या पलीकडे, सोमवारी बंद. हा जुना कावसजी जहांगीर हॉल, १९११ चा, जिथे पूर्वी सभा, मैफिली, अगदी बॉक्सिंगच्या मॅचेस व्हायच्या, १९९६ मध्ये आतून बदलून गॅलरी केली. बाहेरून दगडी आणि आत एकावर एक अर्धगोल मजले, जिना चढत चढत वर घुमटापर्यंत. सुंदर आहे, पण अप्पांच्या गुडघ्यांना नाही. दोन मजले करून ते खाली बसले आणि मी वर एकटी गेले, आणि पहिल्यांदा एकटीने बघायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की मी पण कडेनेच बघतेय.

भायखळ्याला आमचा पचका झाला, आणि पूर्ण माझ्या चुकीने. एक सीएल उरली होती ती बुधवारी टाकली आणि भाऊ दाजी लाड म्युझियमला निघालो. म्युझियम बुधवारी बंद. म्हटलं राहू दे, राणीच्या बागेत पेंग्विन बघू, तर ती पण बुधवारी बंद. गेटवर माझ्यासारख्या अजून दोन बायका पोरांना घेऊन उभ्या होत्या, पोरं रडत होती. अप्पा म्हणाले, पेंग्विनना पण वीकली ऑफ असतो. वडापाव खाऊन परत.

पण नंतर शनिवारी गेलो आणि ते माझं सगळ्यात आवडतं ठरलं. १८७२ सालचं, मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम, आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, १९७५ मध्ये भाऊ दाजी लाडांचं नाव दिलं. मोडकळीला आलं होतं, २००३ ते २००८ असं पाच वर्षं काम करून उभं केलं. आत शिरल्यावर हिरवट भिंती, खांब, सोनेरी नक्षी, आणि छताकडे बघून अप्पांनी जाहीर केलं, स्टेन्सिल. मग मला खाली थांबवून ते मान वर करून अर्धा तास फिरले, कुठे स्टेन्सिलचा जोड चुकलाय का बघत. एक सापडला असा त्यांचा दावा आहे. मला दिसला नाही. मला आवडले ते मातीचे छोटे छोटे पुतळे, मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे, त्यांच्या पगड्या, लुगड्याच्या निऱ्या, बोटभर माणसं. काचेत वाकून बघताना माझी मान धरली.

आणि तिथे बाहेर बागेत खरा काळा घोडा आहे. हे किती मुंबईकरांना माहितीये मला शंका आहे. म्हणजे ज्याच्यावरून फोर्टातल्या त्या भागाला काळा घोडा म्हणतात तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, तो युवराज असतानाचा, सॅसूनांनी दिलेला, १८७९ मध्ये फोर्टात बसवला आणि १९६५ मध्ये तिथून काढला. अप्पा तेव्हा चौदा वर्षांचे, त्यांनी तो जागेवर बघितलेला. समोर उभे राहून म्हणाले, हा नव्हे. म्हटलं अप्पा हाच. नाही, तो मोठा होता. मग बराच वेळ बघून म्हणाले, मी लहान होतो म्हणून असेल. काळा घोडा चौकात २०१७ मध्ये नवीन घोडा बसवलाय तो बिनस्वाराचा, तो त्यांना आवडतो. राजा उतरवला ते बरं केलं, घोड्याची पाठ मोकळी झाली.

आता खाजगी गॅलऱ्या. इथे मला वाटतं बरेच लोक अडतात. कुलाब्यात, फोर्टात जुन्या इमारतींमध्ये पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असतात, खाली बारीक पाटी, दार बंद, बेल मारायची. बंद दार म्हणजे बंद गॅलरी असं नसतं, हे कळायला मला दोन फेऱ्या लागल्या. केमोल्ड म्हणून गॅलरी आहे, ती १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाली होती, २००७ पासून फोर्टात प्रेस्कॉट रोडला वर आहे, लाकडी जिना चढून गेलं की इतका मोठा पांढरा हॉल की खालच्या रस्त्यावरून कल्पनाच येत नाही. तिकीट कुठेच नाही. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दक्षिण मुंबईतल्या बऱ्याच गॅलऱ्या रात्रीपर्यंत उघड्या असतात, ऑफिसवाल्यांसाठी बेस्ट.

एका ठिकाणी मात्र, नाव नको, खालच्या वॉचमनने अप्पांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, किससे मिलना है? अप्पा म्हणाले, चित्रांना. तो म्हणाला अपॉइंटमेंट? मी बँकेचं आयकार्ड काढायला पर्समध्ये हात घातला, आणि मग माझंच मला वाईट वाटलं, आयकार्ड कशाला, फुकट बघायची गोष्ट आहे. तेवढ्यात वरून एक मुलगी आली आणि या ना या ना करत घेऊन गेली. चांगली होती ती. हातात एक छापील कागद दिला, कुठल्या नंबरचं चित्र काय, कशाने केलंय, मापं. किमती लिहिलेल्या नसतात, मागितल्या तर देतात. अप्पांनी सरळ विचारलं, हे केवढ्याला? तिने लिस्ट दाखवली, सात लाख. अप्पांनी मान डोलावली आणि गंभीरपणे विचारलं, जीएसटी धरून? तिला हसू आवरेना. मग तिनेच चहा पाजला. शेजारी लाल टिकली म्हणजे विकलं गेलं, हेही तिनेच सांगितलं, मी इतके दिवस समजत होते बक्षीस मिळालंय.

येताना अप्पा म्हणाले, हुसेन ग्रँट रोडला सिनेमाची होर्डिंगं रंगवायचा, तेव्हा त्याला कोणी विचारलं असेल का अपॉइंटमेंट. कडवटपणे नाही, सहज. मी काही बोलले नाही.

वांद्र्याला चॅपल रोडच्या भिंती बघायला एकदा गेलो, ते लवकर आटोपलं. जुने बंगले, भिंतींवर चित्रं, सगळे फोटो काढतायत, अप्पांनी बोटाने भिंत खरवडून पाहिली आणि म्हणाले, प्रायमर मारलेला नाही, दोन पावसाळ्यांत जाईल. पण एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके ज्याने रंगवले तो रणजीत दहिया सुरुवातीला गावाकडे भिंतींना रंग मारायचा, हे सांगितल्यावर त्यांनी मान वर करून ऐकलं. फाळके पण जेजेचेच विद्यार्थी. जेजे १८५७ पासूनचं, सीएसएमटीच्या जवळच, आणि मुलांचं वार्षिक प्रदर्शन लागतं तेव्हा आत जाता येतं. आम्ही गेलो, झाडं, जुन्या दगडी इमारती, सगळीकडे ओल्या मातीचा आणि ऑइल कलरचा वास. एका वर्गात कोपऱ्यात तांब्या आणि कापड लावून ठेवलेलं, पोरांच्या वस्तुचित्राचं. मी अप्पांना म्हटलं, इथे माझी सी ग्रेड गेली बघा. ते म्हणाले, मी कुठलीच परीक्षा दिली नाही, मला तर वाटायचं इंटरमिजिएटवाले लोक तांब्या बघायला पण फी भरतात.

जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार बसतात, त्यांची चित्रं रेलिंगला टांगलेली, तिथे अप्पांची आता ओळख झालीये, गेलं की स्टूल मिळतं. आतलं समोवार कॅफे २०१५ मध्येच गेलं त्यामुळे चहा बाहेरचाच. मी आत चक्कर मारून येईपर्यंत ते कोणाच्या तरी ब्रशला नावं ठेवत बसलेले असतात.

डाव्या डोळ्याची तारीख आलीये, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेची. परवा रात्री जेवताना म्हणाले, त्याआधी एक शनिवार येतो ना? येतो, म्हटलं. मग त्या रोलरवाल्याकडे जाऊन येऊ, एकदा डाव्याने बघून घेतो, नंतर नाही ते तसलं पिवळं दिसायचं. मी म्हटलं, अप्पा ते चित्र बदललं असेल, आलटून पालटून लावतात तिथे. तर म्हणाले, फोन करून विचार. आणि बाक हलवलाय का ते पण विचार.